हो, नाही आणि ‘उद्या सांगते’

२४ एप्रिल २०२४, बुधवार. एस.वाय.बी.ए.चा इतिहासाचा पेपर सुरू झाला होता. आमचा दृष्टिहीन विद्यार्थी बाकावर बसला होता, प्रश्नपत्रिका पुढ्यात होती, आणि ती वाचून दाखवणारं, उत्तरं लिहून घेणारं माणूस शेजारी नव्हतं.

आदल्या रात्री व्हॉट्सॲपच्या गटात एकीने ‘मी जाते’ असं टाकलं होतं. दुसरीने ‘मीही मोकळी आहे, जाऊ का?’ असं विचारलं होतं. तेवढ्यात कुणाचा तरी वाढदिवस निघाला, फुलं-केक-फुगे सुरू झाले आणि त्या ढिगाऱ्याखाली हे दोन्ही निरोप गाडले गेले. सकाळी पहिलीला वाटलं दुसरी जातेय, दुसरीला वाटलं पहिली. शेवटी तिसरीच मुलगी रिक्षा करून पोचली तेव्हा पस्तीस मिनिटं गेली होती. नंतर तो मुलगा मला म्हणाला, “होतं असं, मावशी.” तो चिडला असता तर बरं वाटलं असतं.

त्या दिवसापासून ११ फेब्रुवारी २०२५ पर्यंतची ही हकिगत. आमच्यासारख्या लहान संस्थेत स्वयंसेवकांची नोंद वही, व्हॉट्सॲप आणि एका माणसाची स्मरणशक्ती यांवर चालत असेल आणि ‘एक वेबसाइट करून टाकू’ असं कुणी म्हणत असेल, तर हे त्यांच्यासाठी. मी विमा कंपनीच्या कार्यालयात सव्वीस वर्षं काढली. एक्सेल बरं येतं. त्यापलीकडे संगणकाशी माझं नातं सोसायटीतल्या शेजाऱ्यांसारखं, ओळख आहे पण येणं-जाणं नाही.

आमची संस्था पुण्यातली, लहान, भाड्याच्या दोन खोल्यांतली. दृष्टिहीन विद्यार्थ्यांना परीक्षेसाठी लेखनिक मिळवून देणं हे मुख्य काम. कागदोपत्री ‘लेखनिक’, मुलं ‘रायटर’च म्हणतात. शिवाय पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणं, प्रवेशाच्या वेळी सोबत जाणं. हे सगळं जुळवणाऱ्या समन्वयक ताई स्वतः पूर्ण दृष्टिहीन आहेत. कोण कुठे राहतं, कुणाचं अक्षर बरं, कुणाला अर्थशास्त्रातले शब्द नीट वाचता येतात, कुणाच्या सासूबाई आजारी आहेत, हे सगळं त्यांच्या डोक्यात. चौदा वर्षं हीच आमची यादी होती.

बाहेरच्यांना वाटतं, रायटर म्हणजे लिहिता येणारं कुणीही. तसं नाही. लेखनिकाचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली हवं, असा बहुतेक ठिकाणचा नियम. म्हणजे मी बी.कॉम., तर मला एम.ए.वाल्यांचेच पेपर लिहिता येतात. आमच्याकडे सगळ्यांत उत्साहाने येतात ती निवृत्त पदवीधर मंडळी, आणि बी.ए.च्या मुलांना नेमकी तीच चालत नाहीत. बारावीच्या मुलाला अकरावीतलं पोर लागतं. त्यात तीन तासांच्या पेपरला तासामागे वीस मिनिटं जादा मिळतात, म्हणजे पेपर चार तासांचा. जाणं-येणं धरलं तर रायटरचा अर्धा दिवस मोडतो. हे सगळं ज्या तक्त्यात बसत नाही, तो तक्ता आमच्या कामाचा नाही.

मे महिन्यात आम्ही तीन ठिकाणी विचारलं. एकाने १,८०,००० रुपये सांगितले, वर दरवर्षी देखभालीचे वेगळे. दुसऱ्याने ६५,०००. तिसऱ्याने बारा पानी प्रस्ताव पाठवला, त्यात आमच्या संस्थेचं नाव दोन ठिकाणी चुकलं होतं आणि एका ठिकाणी दुसऱ्याच संस्थेचं होतं. तिघांपैकी एकानेही ‘तुमच्याकडे हे वापरणार कोण?’ असं विचारलं नाही. आता कुणी सल्ला मागितला तर मी सांगते, हा प्रश्न जो पहिल्या भेटीत विचारेल त्यालाच दुसऱ्यांदा चहा पाजा.

विश्वस्तांची बैठक ३० जूनला ठरली होती, पण त्या दिवशी पालख्या पुण्यात, निम्मे रस्ते बंद. ती ७ जुलैला झाली. खजिनदार काका म्हणाले, “एक्सेल आहे की!” मी एप्रिलचा प्रसंग पुन्हा सांगितला. माझा भाचा, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला, फुकट करून देईन म्हणाला होता. त्यावर काका म्हणाले, “फुकटाचं काम सोडून गेलं की कुणाला विचारायचं?” रास्त बोलले. शेवटी ठराव झाला तो असा: खर्चाची मर्यादा ४०,००० रुपये, सगळी खाती आणि डोमेन (म्हणजे संकेतस्थळाचा नावाचा पत्ता) संस्थेच्या नावे, परवलीचे शब्द बंद पाकिटात खजिनदारांकडे, आणि भाच्याने काय केलं ते मराठीत लिहून ठेवायचं. ठरावाची सही-शिक्क्याची प्रत तेव्हाच पाच जणांच्या हाती ठेवा. पुढे ती मला चार ठिकाणी द्यावी लागली आणि प्रत्येक वेळी अध्यक्षांच्या सहीसाठी कर्वेनगरला खेप झाली.

जुलैभर मी फक्त यादी साफ केली. जुन्या गूगल शीटमध्ये ६१२ नावं होती. तीच बाई तीनदा: एकदा माहेरच्या नावाने, एकदा सासरच्या, एकदा नुसती ‘जोशी काकू’. दुबार काढल्यावर राहिली ३८८. मग एकेकाला फोन, रोज संध्याकाळी पंधरा-वीस. तीन आठवडे लागले. काही नंबर बंद, काही माणसं परदेशी, दोघं वारलेली. त्यातल्या एका आजोबांच्या सुनेने अर्धा तास त्यांच्याबद्दल सांगितलं, ते कुठल्याच रकान्यात भरता येणार नव्हतं. अखेर खरोखर येऊ शकणारी माणसं निघाली १७१. आम्ही वार्षिक अहवालात ‘सहाशेहून अधिक’ लिहीत होतो. विश्वस्तांना हे सांगताना माझा आवाज जरा खाली गेला.

याच कामात पत्त्याचा घोळ कळला. ‘कोथरूड’ एकाच शीटमध्ये सात प्रकारे लिहिलेलं होतं, ऱ्हस्व-दीर्घ, इंग्रजी, शिवाय ‘डहाणूकर कॉलनीजवळ’. शोधलं तर निम्मे सापडत नाहीत. आम्ही परिसराच्या नावाऐवजी पिनकोड घ्यायचं ठरवलं: ४११०३८, ४११०३०, ४११०२८. लोकांना स्वतःचा पिनकोड पाठ असतो. कुठला पिनकोड कुठल्याला जवळचा, हे मात्र यंत्राला नकाशावरून ठरवू दिलं नाही. ताईंनी तोंडी सांगितलं आणि मी तक्ता केला. नकाशावर नदीपलीकडचं जवळ दिसतं, बसने तिथे जायला एक तास लागतो.

डोमेनचं प्रकरण सगळ्यांत जास्त लांबलं. २०१६ मध्ये एका उत्साही स्वयंसेवकाने आमच्या नावाचं डॉट ओआरजी घेऊन ठेवलं होतं, स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या नंबरवर. तो नंबर आता बंद, माणूस परदेशात. त्याच्या मावसभावामार्फत गाठलं. बिचाऱ्याने आठ वर्षं स्वतःच्या खिशातून नूतनीकरण केलं होतं आणि कुणाला सांगितलंही नव्हतं. तो लगेच तयार झाला. २२ जुलैला आम्ही मोठ्या हुशारीने आधी मालकाच्या जागी संस्थेचं नाव घातलं आणि मग ते डोमेन दुसऱ्या कंपनीकडे, आमच्या खात्यात हलवायला गेलो. कुलूप! मालकाचं नाव बदललं की साठ दिवस डोमेन दुसरीकडे हलवता येत नाही, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. चोरी टाळण्यासाठी, आणि तो योग्यच आहे. म्हणजे २० सप्टेंबरपर्यंत थांबा. क्रम उलटा हवा होता: आधी त्याच्याकडून हस्तांतराचा सांकेतिक क्रमांक घेऊन डोमेन आपल्या खात्यात आणायचं, नाव नंतर बदलायचं. किंवा नाव बदलतानाच ते कुलूप नको असा पर्याय कंपनी देते का ते बघायचं. आम्ही तो पर्याय वाचला नव्हता.

तसंही ऑगस्ट-सप्टेंबर फुकटच जाणार होते, कारण भाचा ढोल पथकात. जुलैपासून विसर्जनापर्यंत त्याची प्रत्येक संध्याकाळ नदीकाठी सरावाला. त्याला मी रागावले नाही, उपयोग नसतो. त्या काळात मी वहीत चौकोन काढून पानं आखली: नोंदणीचं पान, मागणीचं पान, ताईंचं पान. ताईंना ते वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, “यात मी कुठे आहे?”

मी म्हटलं, “हे काय, तुमचं पान. सगळं एका नजरेत...” आणि तिथेच थांबले.

त्या वहीतली निम्मी पानं त्या दिवशी फाडली. तोवर मी डोळस माणसासाठी रंगीत फळा काढत होते: हिरवं म्हणजे रायटर ठरला, लाल म्हणजे नाही. ताईंना हवी होती कानाने ऐकायची यादी. तीही अशी की अडलेलं काम सगळ्यांत आधी ऐकू येईल. ‘उद्याचे पेपर नऊ. रायटर न ठरलेले दोन. पहिला...’ अशी. रंग ठेवले, पण प्रत्येक रंगाबरोबर शब्द आला. आणि गंमत म्हणजे डोळस लोकांनाही शेवटी तीच यादी आवडली.

२१ सप्टेंबरपासून शनिवार-रविवार काम सुरू झालं. आधी भाच्याने सिव्हीसीआरएम हे संस्थांसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर लावून बघितलं. आहे चांगलं, पण देणग्या, सभासदत्व, कार्यक्रम, सगळंच त्यात. आमच्यासाठी ते म्हणजे दोन माणसांच्या घरात लग्नाचं पातेलं. मग त्याने जँगो हे संकेतस्थळं बांधायचं मोफत साधन घेतलं, कारण त्यात प्रशासकाची पानं आयती मिळतात. ती कशी बनली हे मला सांगता येणार नाही, काय मोडलं ते सांगता येईल.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी ताई आल्या. एनव्हीडीए हे पडदा वाचून दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर त्या रोज वापरतात. पान उघडलं आणि संगणक बोलू लागला, “बटण. बटण. बटण. बटण.” भाच्याने सुंदर चित्रांची बटणं केली होती, पेन्सिल, टोपली, घंटा, आणि एकालाही नाव दिलं नव्हतं. मग मजकूर सुरू झाला, तर मराठी वाक्यं एखादा गोरा साहेब वाचतोय अशी. पानाच्या माथ्यावर भाषेचा संकेत लिहायचा असतो. नमुन्यातला इंग्रजीचा ‘ईएन’ तसाच राहिला होता. तिथे ‘एमआर’ लिहिल्याबरोबर तोच आवाज मराठी बोलायला लागला. दोन अक्षरांची चूक! ताई म्हणाल्या, “सरकारी साइटवर पण असंच होतं. मला वाटायचं, मशिनला मराठी येत नाही.”

तारीख निवडायला कॅलेंडरची खिडकी उघडत होती, त्यात ताई अडकल्या की बाहेर येईनात. ती काढून दिवस, महिना, वर्ष असे तीन साधे रकाने केले. ओटीपीची मुदत तीस सेकंद होती. फोनवरचा आकडा ऐकून, लक्षात ठेवून, संगणकावर टाकेपर्यंत ती संपायची. दहा मिनिटं केली.

सगळ्यांत भारी प्रसंग रोबोटचा. वाकडीतिकडी अक्षरं ओळखा, असलं कोडं आम्ही ठेवणारच नव्हतो. भाच्याने त्याऐवजी एक सापळा लावला: अर्जात एक रकाना, डोळ्यांना न दिसणारा. माणसाला दिसत नाही म्हणून तो रिकामा राहतो. आपोआप अर्ज भरणारे प्रोग्राम तो भरतात आणि पकडले जातात. ताईंच्या वाचकाने तो रकाना इमानदारीने वाचून दाखवला, ताईंनी इमानदारीने भरला, आणि संकेतस्थळाने त्यांना रोबोट ठरवून हाकलून दिलं. आम्ही तिघंही पोट धरून हसलो. ताई सगळ्यांत जास्त. मग तो रकाना वाचकापासूनही लपवला. तुम्ही असला सापळा लावलात तर डोळे मिटून एकदा स्वतःचा अर्ज भरून बघा.

आता एसएमएस. वाचताना कंटाळा येईल, पण माझे अडीच महिने यात गेले, तेव्हा लिहिणारच.

व्हॉट्सॲपवर निरोप गाडले जातात म्हणून आम्हाला एसएमएस हवे होते. शिवाय काही पालकांकडे अजून साधे फोन आहेत. संस्थेला असे निरोप पाठवायचे तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमाप्रमाणे डीएलटी नावाच्या नोंदणीत आधी नाव घालावं लागतं. एका दूरसंचार कंपनीच्या पोर्टलवर नोंदणी केली: शुल्क पाच हजार अधिक १८ टक्के जीएसटी, एकूण ५,९०० रुपये. कागद: पॅन, धर्मादाय आयुक्तांकडचं नोंदणी प्रमाणपत्र, अधिकारपत्र, ठराव. पहिला अर्ज नवव्या दिवशी परत आला. पॅनवर आमच्या ‘प्रतिष्ठान’च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ जास्त आहे आणि नोंदणीच्या इंग्रजी भाषांतरात नाही. दोन्ही नावं एकाच संस्थेची, असं प्रतिज्ञापत्र मागितलं. मी मुद्रांक आणायला गेले ती ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात. १६ ऑक्टोबरपासून शंभराच्या जागी पाचशेचा मुद्रांक लागू झाला होता. पंधरा दिवस आधी गेले असते तर चारशे वाचले असते. खजिनदार काकांनी ती पावती दोनदा उलटसुलट करून बघितली.

दिवाळी गेली. निवडणुकीचा प्रचार आमच्या खिडकीखालून जात असताना, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नोंदणी मंजूर झाली. मग निरोप पाठवणाऱ्याचं सहा अक्षरी इंग्रजी नाव, ते दोन दिवसांत मिळालं. मग मजकुराचे साचे. जो निरोप पाठवायचा तो शब्दन्‌शब्द आधी मंजूर करून घ्यायचा. बदलणारा भाग, म्हणजे तारीख, वेळ, ठिकाण, तेवढा रिकामा ठेवायचा आणि प्रत्येक रिकाम्या जागेत जास्तीत जास्त तीस अक्षरं.

इथे मराठीची अडचण येते. इंग्रजीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०. निरोप लांबला तर तुकड्यामागे ६७ आणि प्रत्येक तुकड्याचे वेगळे पैसे. आणि अक्षर म्हणजे आपण मोजतो ते नाही. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त, अनुस्वार, सगळं स्वतंत्र मोजलं जातं. ‘विद्यार्थ्यांसाठी’ या एका शब्दाला सतरा लागतात! माझा पहिला मसुदा विम्याच्या पत्रासारखा होता, ‘आपणांस कळविण्यात येते की’ वगैरे. पाच तुकडे झाले. ताईंनी एका वाक्यात केला: ‘पेपर अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक ठिकाणी. येणार का?’ दोन तुकड्यांत बसला.

साचा तीनदा नाकारला गेला. एकदा प्रकार चुकीचा निवडला म्हणून. एकदा मजकुरात संस्थेचं नाव नव्हतं म्हणून. तिसऱ्यांदा दुव्यामुळे: निरोपातल्या दुव्याची आधी स्वतंत्र मंजुरी लागते, हा नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून कडक झाला होता. डिसेंबरमध्ये आणखी एक सोपस्कार, निरोप आमच्यापासून फोनपर्यंत कुणाकुणाच्या हातून जातो त्या कंपन्यांची साखळी पोर्टलवर जोडायची. ती जोडेपर्यंत निरोप ‘पाठवला’ असं दिसायचं आणि पोचायचा नाही. माझी सूचना एवढीच, संकेतस्थळाची पहिली ओळ लिहायच्या आधी डीएलटीचा अर्ज टाका. आम्ही शेवटी टाकला आणि बाकी सगळं तयार होऊन बसून राहिलं.

तीस अक्षरांची मर्यादा आम्हाला वेगळ्याच ठिकाणी भोवली. महाविद्यालयांची पूर्ण नावं बसेनात, म्हणून आम्ही पुण्यात लोक बोलतात तशी घातली: एसपी, गरवारे, फर्ग्युसन, मॉडर्न. डिसेंबरमध्ये विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षांतले बावीस पेपर घेऊन चाचणी केली, तेव्हा एक रायटर शिवाजीनगरच्या मॉडर्नला जाऊन उभी. पेपर गणेशखिंडच्या मॉडर्नला. ताईंनी तिला आदल्या दिवशी फोन केला असता तर हे घडलं नसतं, पण ‘आता साइट आहे’ म्हणून मीच त्यांना फोन करू दिला नव्हता. सुदैवाने मुलगी तासभर आधी निघालेली, वेळेत पोचली. तेव्हापासून नावाला परिसर जोडला आणि ताईंचा फोन पुन्हा सुरू झाला.

चाचणीत दुसरी गोष्ट कळली ती मला अजून विचार करायला लावते. निरोपाखालच्या दुव्यावर दोन बटणं होती: ‘हो’ आणि ‘नाही’. पहिल्या आठवड्यात ६४ जणांना निरोप गेले. ‘हो’ दाबलं अकरा जणांनी. ‘नाही’ दाबलं तिघांनी. उरलेले पन्नास गप्प. भाचा म्हणाला, लोकांना दुवा उघडता येत नसेल. त्याने नोंदी तपासल्या, तर चाळीसहून अधिक जणांनी पान उघडून, वाचून बंद केलं होतं.

ताई म्हणाल्या, “अगं, चांगल्या कामाला नाही कोण म्हणतं तोंडावर? फोनवर पण म्हणत नाहीत. ‘बघते’ म्हणतात. आवाजावरून मला कळतं, हे बघते म्हणजे हो की नाही.”

संकेतस्थळाला आवाज कळत नाही. म्हणून तिसरं बटण आलं: ‘उद्या सांगते / सांगतो’. ते दाबलं की दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता पुन्हा विचारणा होते. तेव्हा फक्त दोनच बटणं. तेही गप्प गेलं तर नाव ताईंच्या यादीत ‘फोन करा’ म्हणून येतं. आणि ‘नाही’ या शब्दाच्या जागी आम्ही लिहिलं ‘या वेळी जमणार नाही’. पुढच्या खेपेला ५८ निरोपांपैकी ४९ उत्तरं आली. त्यात एकोणीस ‘या वेळी जमणार नाही’. इतका आनंद मला नकाराचा कधी झाला नव्हता. नकार लवकर कळला की दुसरं माणूस शोधता येतं. एप्रिलमधला तो मुलगा नकारामुळे अडकला नव्हता, दोन अर्धवट होकारांमुळे अडकला होता.

जानेवारीत बोर्डाच्या परीक्षांची तयारी. इथे प्रश्न अल्पवयीन लेखनिकांचा. बारावीच्या मुलांचे रायटर सोळा-सतरा वर्षांचे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यात अठरा वर्षांखालच्यांची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. त्याच्या नियमांचा मसुदाच ३ जानेवारी २०२५ ला आला होता, म्हणजे सक्ती अजून दूर होती. पण सतरा वर्षांच्या मुलीचा नंबर, पत्ता आणि ती कुठल्या दिवशी कुठे एकटी जाणार हे आमच्या संगणकावर असणं मलाच बरं वाटेना. आम्ही ठरवलं, खातं पालकाचं, नंबर पालकाचा, मुलाचं फक्त नाव आणि इयत्ता. संमतीचा कागद घरी जाऊन सही करून आणायचा. परीक्षा संपल्यावर तीस दिवसांनी मुलाची नोंद पुसायची. छपाईचे ८४० रुपये झाले आणि ३७ घरं फिरून झाली. काही घरी पोहे मिळाले, एका घरी वडिलांनी विचारलं, “यातून हिला काय मिळणार?” मुलीनेच आतून उत्तर दिलं, “चार तास गप्प बसायची सवय.”

शेवटचा धक्का ७ फेब्रुवारीला, शुक्रवारी. सकाळी सातला ताईंचा फोन: “साइट म्हणतेय की ती सुरक्षित नाही.” बारावीला चार दिवस राहिलेले. साइटशी जोडणी सुरक्षित असल्याचं जे मोफत प्रमाणपत्र असतं त्याची मुदत नव्वद दिवसांची. भाच्याने ते ९ नोव्हेंबरला बसवलं होतं, आपोआप नवं व्हावं अशी सूचनाही लिहिली होती, फक्त ती सुरू करायची राहिली होती. त्याचा त्या दिवशी कॉलेजात प्रकल्पाचा तोंडी पेपर. दुपारी दीडला बाहेर आला, दहा मिनिटांत दुरुस्त. ते साडेसहा तास मी जुनी कागदी यादी घेऊन फोन करत बसले होते. तेव्हापासून रोज संध्याकाळी सहाला दुसऱ्या दिवसाची यादी ताईंना ईमेलने आणि मला छापायला येते. यंत्र बंद पडलं तरी उद्याचा दिवस कागदावर असतो.

खर्चाचं विचाराल तर: डीएलटी ५,९००, सर्व्हरचे वर्षाचे ७,४४०, डोमेन १,१००, एसएमएस आतापर्यंत ३,२६०, मुद्रांक आणि नोटरी ७५०, छपाई ८४०, रिक्षा-बस १,४१०. एकूण २०,७००. भाच्याचे शनिवार-रविवार यात नाहीत. ते धरले असते तर ६५,००० वाल्याचा प्रस्ताव स्वस्त पडला असता, हे मी विश्वस्तांना लिहून दिलं आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार, बारावीचा इंग्रजीचा पेपर. आमचे चौदा विद्यार्थी, नऊ केंद्रांवर. सकाळी पावणेदहाला ताईंच्या संगणकाने वाचलं, “आजचे पेपर चौदा. रायटर न ठरलेले शून्य. केंद्रावर पोचल्याची नोंद बारा.” मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी ते पुन्हा एकदा ऐकलं, मग फोन उचलला आणि उरलेल्या दोघींच्या आयांना लावला. एक फाटकाशी पोचली होती, बटण दाबायला विसरलेली. दुसरी बसमध्ये, स्वारगेटला. सव्वादहाला चौदा झाले. ताईंनी चहा मागवला.

त्यानंतरच्या एप्रिलमध्ये एक निरोप माझ्याच फोनवर आला. एम.ए.चा समाजशास्त्राचा पेपर, सकाळी दहा, हडपसर. त्याच दिवशी नणंदेकडे मुंज. मी पान उघडलं, वाचलं, थोडा वेळ तिन्ही बटणांकडे बघितलं आणि ‘उद्या सांगते’ दाबलं. दुसऱ्या दिवशी अकराला विचारणा आली, ती मी स्वयंपाकाच्या गडबडीत पाहिली नाही. साडेअकराला फोन वाजला.

“तू पण का?” ताई म्हणाल्या.